अण्णांच्या फोनमधून आईचा आवाज पुसला गेला, गेम मात्र जागच्या जागी

आज दुपारी नव्या पेठेत जाऊन अण्णांना नवा फोन घेतला. दुकानातल्या पोरानं बॉक्स फोडला, सिम घातलं आणि 'पुढे, मान्य आहे, पुढे, पुढे' करत दोन मिनिटांत फोन हातात दिला. शेवटच्या पानावर 'तुमच्यासाठी खास' म्हणून दहा-बारा ॲप होती आणि सगळ्यांसमोर आधीच बरोबरची खूण. मी म्हटलं, थांब, त्या खुणा काढ. तर म्हणतो, "सगळ्याच फोनला येतंय मॅडम हे, राहू द्या की. काय खातंय का तुमचं?"

खातंय. आमचं फार मोठं काहीतरी खाल्लंय त्यानं.

घरी आल्यावर अण्णांनी फोन उलटापालटा करून बघितला. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, काही नाही. पहिला प्रश्न विचारला तो हा, "ह्यात पण ते साफ करायचं बटण हाय का गं?"

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले.

जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं माग चालवला. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे खासगी कामगारांची पीएफवाली. ती किती असते ते सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको. पण ती बंद पडू नये म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून देता येतो. सोय चांगली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यासाठी दोन ॲप लागतात, एक 'जीवन प्रमाण' आणि दुसरं आधारचं चेहरा ओळखणारं. मार्चच्या शेवटी अण्णा एकटेच घरी होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्यांनी ठरवलं की पोरीला त्रास नको, आपणच करू. पहिलं ॲप उतरलं. दुसऱ्याला फोन म्हणाला, जागा नाही.

फोन ३२ जीबीचा. त्यातली बारा-तेरा जीबी फोनची स्वतःचीच. शिवाय कंपनीचं वेगळं ॲपचं दुकान, वेगळा ब्राउझर, व्हिडिओचं एक, गाण्यांचं एक, थीमचं एक, गेमचं एक. अण्णांनी आयुष्यात एक गेम खेळला नाही. त्यांनी त्या गेमच्या चित्रावर बोट दाबून धरलं, कारण मीच त्यांना तसं शिकवलं होतं. तिथं काढून टाकायचा पर्यायच नव्हता. आत सेटिंगमध्ये गेले तर 'अनइन्स्टॉल' फिकट, दाबलं तरी दबत नाही.

मग फोनमध्ये कंपनीनंच घालून ठेवलेलं साफसफाईचं ॲप पुढं आलं. तेही न काढता येणारंच. त्यानं सांगितलं, जागा मोकळी करायची आहे का? जुने व्हिडिओ, जुने ऑडिओ, बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या फाइल. खाली मोठं निळं बटण, 'साफ करा'.

अण्णांनी दाबलं.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिला टाइप करता यायचं नाही. अण्णा पाळीवर असले की ती व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायची. "अहो, पाणी आलंय, टाकी भरून घेतली, तुम्ही घाई करू नका." "येताना शेंगदाणे आणा, चटणी संपलीय, मागच्यासारखे खवट नको." आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर तिचे निम्मे निरोप पाण्याचेच. आणि बोलून झालं तरी तिचं बोट बटणावरून निघायचं नाही. त्यामुळे प्रत्येक निरोपाच्या शेपटाला कुकरची शिट्टी, शेजारच्या काकूंचा आवाज, आणि मग हळूच आईचं स्वतःशी, "गेलं का?"

प्रत्येकात ते असायचंच. "गेलं का?"

ते गेलं. तीसेक निरोप होते, सगळे गेले. अण्णांना वाटलं, जुने ऑडिओ म्हणजे व्हॉट्सॲपवर लोक पाठवतात ती सकाळची भजनं.

आता त्या चॅटमध्ये काय दिसतं माहीत आहे? आईच्या नावाखाली पट्ट्या तशाच आहेत. छोटा त्रिकोण, बाजूला चौदा सेकंद, एकवीस सेकंद, नऊ सेकंद. दाबलं की फोन सांगतो, फाइल सापडत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

हे वाचून मी फोन उपडा ठेवला होता त्या दिवशी.

बॅकअप ठेवायला हवा होता. हवा होता, माझी चूक आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. आईचा फोन ती गेली त्याच वर्षी बंद पडला, तेव्हाच हे सुचायला हवं होतं. फोटो माझ्याकडे होते, ते वाचले. पण मुद्दा तो नाही. तोच फोन एका माणसाला त्याच्या बायकोचा आवाज एका बोटात पुसू देतो आणि न मागितलेला गेम पुसू देत नाही. पैसे कुणी भरले होते? अण्णांनी, पीएफच्या पैशातून, रोख.

चादरीचंच घ्या. अण्णांच्या हातच्या किती चादरी गावोगाव गेल्या असतील. कारखान्याचं लेबल कोपऱ्याला असायचं. ज्याला नको त्यानं घरी नेऊन उसवावं, कुणी विचारायला येत नव्हतं. विकलेल्या चादरीतून जाहिरात बाहेर येते आणि ती उसवली तर चादर फाटते, असं कुठल्या मालकानं केलं असतं तर आपल्या लोकांनी त्याला बाजारात उभं राहू दिलं असतं का? मग फोनला वेगळा न्याय कशासाठी?

कुणी म्हणेल, या ॲपवाल्यांकडून कंपन्यांना पैसे मिळतात म्हणून फोन स्वस्त मिळतो. मिळत असेल. पण मग तसं बॉक्सवर लिहा ना. 'दोन हजार कमी घेतोय, बदल्यात तुमच्या वडिलांना रोज सकाळी झटपट कर्जाच्या जाहिराती दाखवू.' आम्ही ठरवू घ्यायचा का ते. अण्णांच्या जुन्या फोनवर त्या ब्राउझरकडून दिवसाला दहा-दहा सूचना यायच्या, आणि त्या गर्दीत वॉर्डाच्या ग्रुपवरचा पाणी सुटल्याचा मेसेज खाली दबून जायचा. महागड्या फोनला हे कमी असतं म्हणे. म्हणजे ज्याची पेन्शन कमी त्याच्याच गळ्यात हे सगळं मारायचं!

आणि कायद्याचं बोलूच नका. २० ऑक्टोबर २०२२ ला आपल्या स्पर्धा आयोगानं गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. आधीपासून घातलेली गुगलची ॲप काढण्यापासून लोकांना अडवू नका, असंही त्या आदेशात होतं. वाचून मला बरं वाटलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला आणि नेमकं ते कलम रद्द झालं. युरोपात मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना ॲप काढू देणं बंधनकारक आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर त्याचा हक्क, आणि नीलम नगरातल्या म्हाताऱ्याचा का नाही?

२०२५ च्या नोव्हेंबरअखेर सरकारनं संचार साथी हे मोबाइलवरची फसवणूक रोखायचं आपलं ॲप सगळ्या नव्या फोनमध्ये सक्तीनं घालायचा आदेश काढला तेव्हा आपण सगळेच बोललो. याच भिंतीवर बोललो. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. म्हणजे बोललं की होतं. मग रोज खिशात बसणाऱ्या या दहा-बारा पाहुण्यांबद्दल आपण तोंड का उघडत नाही?

असो. ओरडून घसा बसला, आता उपयोगाचं सांगते.

आज संध्याकाळी आत्येभाऊ लॅपटॉप घेऊन आला. नव्या फोनच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' असतो, त्यावर सात वेळा टकटक केलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथं यूएसबी डिबगिंग चालू करायचं, वायरनं लॅपटॉपला जोडायचं आणि एडीबी नावाच्या साधनातून एकेका ॲपला सध्याच्या वापरकर्त्यापुरतं काढून टाकायचा हुकूम द्यायचा. ॲप फोनच्या पोटातून पूर्ण जात नाही, मूळ प्रत आतच राहते आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की परत येते. म्हणजे तिनं घेतलेली जागा सगळी मोकळी होत नाही. पण तिचा साठवलेला डेटा जातो, ती पडद्यावर दिसत नाही, चालत नाही, सूचना पाठवत नाही. आधी ज्याला साधं 'अनइन्स्टॉल' आहे ते तसंच काढा. ज्याला 'बंद करा' आहे ते बंद करा. उरलेल्यांसाठीच वायर. आणि नाव नीट बघितल्याशिवाय काहीही उडवू नका. फोन लावायचं, मेसेजचं, गुगल प्ले सर्व्हिसेस याला हात लावायचा नाही, चुकीचं काही गेलं तर फोन कदाचित सुरूच होणार नाही. झालं की डिबगिंग बंद करायला विसरू नका, ते चालू असलं तर काही बँकांची ॲप चालत नाहीत.

अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. एकेक ॲप गेलं की काळ्या पडद्यावर 'सक्सेस' उमटायचं. पहिल्या दोन-तीन वेळा ते काही बोलले नाहीत. मग साफसफाईच्या ॲपची पाळी आली तेव्हा म्हणाले, "हे मी दाबतो." भावानं हुकूम टाइप केला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. तेहतीस वर्षं माग चालवलेलं बोट. एंटर दाबलं, आणि 'सक्सेस' दिसल्यावरही बराच वेळ तिथंच ठेवलं.

त्यांनी त्या दिवसाबद्दल एकदाही तोंडातून शब्द काढलेला नाही. मीही विचारत नाही.

ओळखीत कुणाच्या आईवडिलांचा फोन असा भरला असेल तर रविवारी घेऊन या, जुळे सोलापुरात मी आहे, चहा पिऊ आणि बसून काढू. पण त्याआधी त्यांच्या फोनमधले आवाज दुसरीकडे कुठंतरी उतरवून ठेवा. आजच. ही पोस्ट वाचून झाली की लगेच.

आणि मावशी, मामी, काकू, आईच्या भिशीतल्या सगळ्याजणी, ज्या ज्या इथं आहात त्यांना एक विनंती. आईनं तुम्हाला कधी काही बोलून पाठवलं असेल, भाजीचं, पाण्याचं, कशाचंही, तर जुन्या चॅटमध्ये वर जाऊन शोधा आणि मला पाठवा. नाव दिसत नसेल तर शेवटपर्यंत ऐका. शेवटी "गेलं का?" ऐकू आलं तर तो तिचाच.