खास बाब म्हणून

काल संध्याकाळी कट्ट्यावर चहा यायच्या आधीच पक्या तापलेला होता. विषय तोच, त्याची वाडी. दापोली तालुक्यात अगदी पुळणीला लागून नारळ-पोफळीची वाडी आहे त्याची, मधे आजोबांचं घर, आणि याला पुढच्या अंगाला समुद्राकडे तोंड करून पर्यटकांसाठी चार खोल्या काढायच्यात, पण सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या नियमाने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही म्हणून अर्ज परत आला. "सातबारा माझा, घरपट्टी मी भरतो, तीन पिढ्या उधाण आम्ही झेललं. खास बाब म्हणून एक सूट दिली तर यांचं काय जातं?"

मास्तर म्हणाले, "अरे, ज्याची त्याची वाडी खासच असते."

मग मास्तर सुरूच झाले. नियम फक्त देखाव्यासाठी आहे असं समजू नका म्हणाले, पुळणीमागचा वाळूचा उंचवटा, त्यावरची मर्यादवेल, केतकीचं बन, हे सगळं वाळू धरून ठेवतं, ते सपाट करून कंपाउंड घातलं की समुद्र आत यायला मोकळा. शिवाय वेळासला, आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात, पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्राऐवजी रिसॉर्टचे दिवे दिसले की तिकडेच वळतात. पक्याचं म्हणणं, माझ्या चार खोल्यांच्या दिव्यांनी काय होतंय? खरंय, एकट्याच्या नाही होणार. पण त्याला दिली की शेजारच्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"मग मच्छीमारांना कसं चालतं?" पक्या. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०११ च्या नियमात १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांना राहती घरं बांधायची सोय ठेवली. ही काय मेहेरबानी नाही. होडी ओढायची, जाळी वाळवायची, भरती-ओहोटी बघून रात्री-अपरात्री निघायचं, त्यांनी राहायचं तरी कुठे? कामच तिथे आहे त्यांचं. म्हणजे सूट आहे, पण ती कशासाठी, कोणाला आणि किती, हे नियमातच लिहिलेलं आहे, साहेबाच्या टेबलावर ठरत नाही. आता वाडी शिंपणारा बागायतदारही तिथेच राबतो, त्याच्या भावाला वेगळं घर लागलं तर काय, या मुद्द्यावर मी पूर्ण पक्याच्या बाजूने आहे आणि तसं मी बोललोही. पण राहतं घर वेगळं आणि भाड्याच्या खोल्या वेगळ्या.

वकील इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, तुमची ही खास बाब सुप्रीम कोर्टात जाऊन पडलेली आहे. पहिली सीआरझेड अधिसूचना १९९१ ची. १९९४ ला केंद्राने त्यात बदल केले, खाडी-नदीकाठचं १०० मीटर अंतर ५० वर आणलं आणि समुद्रकाठच्या २०० मीटरच्या पट्ट्यात आपल्या अखत्यारीत सूट द्यायचा अधिकार स्वतःकडे घेतला. १९९६ ला कोर्टाने दोन्ही उडवलं. सूट कुठल्या निकषावर द्यायची हेच लिहिलेलं नाही, असला मोकाट अधिकार चालणार नाही म्हणून. मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. मोकळी सूट ठेवली की ती पक्याला मिळणारच नाही, ज्याचे मंत्रालयापर्यंत हात पोचतात त्याला मिळेल आणि पक्या फाईल घेऊन खेपाच घालत बसेल.

मास्तरांना २०१९ चा नियमही पटत नाही. त्यात खाडीकाठचं अंतर परत ५० मीटरवर आलं, आणि समुद्रकाठी दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, २०० चे ५० केले. विरळ गावांना २०० तसेच. मलाही ५० मीटर पटत नाहीत, निसर्ग वादळ येऊन गेल्यावर तर अजिबातच नाहीत. ३ जून २०२० ला वाड्या कशा आडव्या झाल्या ते पक्याने स्वतः बघितलंय, त्याचेच किती माड गेले.

पक्या म्हणाला, "एकदा बांधलं की कोण पाडतंय?" तर वकिलाने केरळातलं मरडू सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये चार टोलेजंग गृहसंकुलं स्फोटाने पाडली, कोर्टाच्या आदेशाने, सीआरझेड मोडलं म्हणून. परवानगीचे कागद दाखवून विकलेले तीनशेवर फ्लॅट होते, माणसं आयुष्यभराची कमाई घालून राहायला आलेली. त्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग मास्तरांनीच विचारलं, जुन्या घराचं जोतं केवढं आहे? कारण अधिकृत जुनं घर त्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं, आणि २०१९ च्या नियमात जोतं न वाढवता स्थानिकांना घरातच होमस्टे चालवायची मुभा आहे. पक्या म्हणाला पाच खोल्या आहेत, दोन वादळात छप्पर उडाल्यापासून बंदच. "पण समुद्र दिसत नाही तिथून, मधे माड येतात."

"मग माडच बघतील की लोक," मास्तर म्हणाले.

पक्याला काही ते पटलं नाही. पण रविवारी टेप घेऊन वाडीत या म्हणालाय, जोतं मोजायला.