मालुख आणि आमची ओमनी

पोलंडमधल्या बिएल्स्को-ब्यावात आमच्या बिल्डिंगखाली एक पिवळा मालुख उभा असतो, इथली जुनी चिमुकली गाडी. शेजारचे आजोबा दर रविवारी तो पुसतात, मग मागचं झाकण उघडतात. हो, मागचंच; दोन सिलिंडरचं इंजिन तिथं. आत चौघं बसले की गुडघे छातीला टेकतात. परवाना इटलीच्या फियाटचा, कागदावर नाव 'पोल्स्की फियाट १२६पी', पण पोलंडनं त्याला मालुख केलं, म्हणजे छोटू. १९७३ ते २००० या काळात इथं आणि तिखी नावाच्या शहरात मिळून तेहतीस लाखांवर निघाले. २०१७ मध्ये या गावानं वर्गणी काढून एक मालुख हॉलिवूडच्या टॉम हँक्सला भेट दिला. वर्गणी, तीसुद्धा गणपती नसताना!

मालुख दिसला की मला बेळगावची आमची शाळेची ओमनी आठवते. हीसुद्धा परक्याचीच, जपानच्या सुझुकीची. १९८४ ला आली, २०१९ ला बंद झाली. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गाडी अडकली की पुढच्या सीटखालचं इंजिन तापायचं आणि पुढं बसणारा ओरडायचा. मागं दोन सीटांच्या मधे फळी, फळीवर आणखी चार पोरं. व्हॅनवाले काका घरी कन्नड, आमच्याशी मराठी, चिडले की मात्र "कुंद्रो!" म्हणजे 'बस खाली', एवढंच.

गेल्या आठवड्यात आईला एका कार्यालयाची नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. पलीकडच्या पोरानं वाचून दाखवली. मी मित्रांना सांगितलं तर एकजण म्हणाला, "भाषेचं काय घेऊन बसलास, जग कुठं चाललंय बघ की." बघितलं. इथून पस्तीसेक किलोमीटरवर चेशिन आहे. १९२० मध्ये ओल्झा नदीवरून गाव दोन देशांत फाटलं. पलीकडं चेक बाजूला वस्तीत पोलिश लोक दहा टक्के असले की गावाची पाटी दोन्ही भाषांत मागता येते. तिथंही पाट्यांना काळं फासणारे आहेत, नाहीत असं नाही. पण मागणाऱ्याला कोणी फितूर ठरवत नाही. आपल्याकडं एखादी भाषा बोलणारे वस्तीत पंधरा टक्के असले की महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या, हे कधीचं ठरलेलं आहे. ते मागितलं की सीमावादाचं राजकारण ठरतं. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकचा नियम? असू दे, राज्य कन्नड आहे. आईच्या हातातला कागद तिला वाचता यावा, एवढंच मी म्हणतोय. इतक्या लांबून बोलणं सोपं आहे, हे मलाही कळतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, निषेधाची काळी फीत बांधून मिरवणुकीत चालायला मी तिथं नसतो.

काकांच्या ओमनीची नंबर प्लेट केए २२. मागच्या काचेवर वर कन्नडमध्ये यल्लम्मा, खाली मराठीत जोतिबा. अक्षरं दोन्हीकडं सारखीच जाड, कारण पेंटर एकच होता.