मोपाची बस कोणासाठी?

मोपावरच्या, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘गोव्यात घरटी दोन गाड्या आहेत. विमानतळाला बस मागणं हे मुंबईचं खूळ आहे. पर्यटक टॅक्सीने जातील, आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, तोट्यात भर कशाला?’ स्पष्ट लिहिलंत हे बरं केलंत, कारण असं वाटणारे पुष्कळ आहेत.

विमानतळावर फक्त प्रवासी जातात, असं तुम्ही धरून चाललाय. तिथे सामान चढवणारे, साफसफाई करणारे, पहाऱ्यावरचे, उपाहारगृहात राबणारेही रोज जातात, तेही पाळीने. मोपाच्या पठारावर जमिनी गेल्या, काजूच्या बागा गेल्या, तेव्हा इथल्या पेडणे तालुक्यातल्या पोरांना नोकऱ्या मिळतील असं सांगितलं गेलं. नोकरी मिळालेल्याला रात्रीची पाळी संपवून घरी पोचता आलं पाहिजे की नको? दुचाकीवर घाटवळणांतून, पावसात? घरात दुचाकी एकच असेल आणि ती भाऊ घेऊन गेला असेल, तर?

दाबोळीशी तुलना करून पाहा. पोर्तुगीज काळातला तो विमानतळ वास्कोला लागून आहे. वास्को-पणजी रस्त्यावरच्या साध्या बसमधून चिखलीला उतरलं की माणूस पोचलाच. ‘बॅग फुडें दवर’ म्हणत कंडक्टर ती ड्रायव्हरशेजारी सरकवतो आणि बस सुटते. तिथे बसची वेगळी मागणी करावी लागली नाही, कारण रस्ता आणि वस्ती दारातच होती. मोपा मात्र वस्तीपासून दूर, सड्यावर. ५ जानेवारी २०२३ ला तिथून प्रवासी विमानं उडू लागली, पुढे महामार्गावरच्या धारगळहून सहापदरी जोडरस्ताही झाला. पण सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या बसमधला माणूस धारगळला उतरला, तर पुढचे किलोमीटर त्याने कसे काटायचे?

कदंबच्या वातानुकूलित गाड्या मोपाहून सुटतात, हे खरं, आणि त्या हव्यातच. माझं मागणं वेगळं आहे: पाळ्यांच्या वेळा धरून सुटणारी, धारगळ, पेडणे रेल्वे स्थानक, म्हापसा असे थांबे घेणारी साधी बस. थिवीला कोकण रेल्वेने उतरणाऱ्यालाही ती मिळावी. जहाजावर निघालेला तार्वटी, आखातात चाललेला नवरा, मुलीकडे एकटी निघालेली म्हातारी, हे कोणी पर्यटक नव्हेत. म्हातारीला सोडायला गाडी असेलही, पण ती चालवायला घरात कोणी लागतं, आणि तो अर्धा दिवस मोडतो.

तोट्याचं म्हणाल, तर रस्त्याने किती कमावलं असं आपण कधी विचारत नाही. तो जोडरस्ताही सरकारी पैशातूनच झाला. गाडीवाल्यासाठी रस्ता ही सोय आणि बसने जाणाऱ्यासाठी बस हा तोटा, हा हिशेब मला पटत नाही. शिवाय ज्या बसची वेळ पाळीच्या वेळेशी जुळत नाही, ती रिकामी धावते यात नवल ते काय. आधी वेळा जुळवा, वेळापत्रक म्हापशाच्या स्टँडवर मोठ्या अक्षरांत लावा, वर्षभर चालवा, मग तोटा मोजू.