पश्चिमेकडची भिंत ठेवायची

दिवाळी झाली की जुनं माळवद, म्हणजे मातीच्या छताचं घर, पाडायचं हे आमच्या घरात दोन वर्षांपासून ठरलेलं आहे, यंदा पैशाची पण सोय झाली आणि परवा जेसीबी येणार आहे. पाडायला माझी ना नाही. फक्त परसाच्या अंगाची, पश्चिमेकडची जी पांढऱ्या मातीची भिंत आहे ती छातीइतकी राहू द्या, तिच्यात मधमाशा राहतात, एवढंच माझं म्हणणं, आणि त्यावरून चार दिवस झाले रोज जेवताना वाद. भाऊ म्हणतो, "सगळं गाव स्लॅबची घरं बांधलालंय अन् तू माशांसाठी पडकी भिंत राखलालास, लोकं काय म्हणतील?" म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, घरच्यांनी पण वाचावं आणि तुम्ही पण. पोस्ट लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

त्या भिंतीला भोकं आहेत, शिसपेन्सिल जाईल एवढी, शंभराच्या वर असतील. उन्हं जरा वर आली की तिथं एक मधमाशी दिसते, मोहोळ करणाऱ्या सातेरी माशीपेक्षा जाड, छातीवर तांबूस लव आणि काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे, मोरपिसात असतो तसला निळा. शास्त्रातलं नाव अमेजिला. आई तिला निळी माशी म्हणते, मी पण तेच म्हणतो. ती सरळ येऊन बसत नाही, भोकासमोर हवेत थांबते, डावीकडं सरकते, परत उजवीकडं, आणि मग एकदम आत. शंभर भोकांत तिला तिचंच भोक सापडतं. मी तासतासभर बघत बसलोय, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरली आणि तशीच उलटी बाहेर आली असं फार कमी वेळा दिसतं.

या माशीला राणी नाही, कामकरी नाहीत, मोहोळ नाही. प्रत्येक मादी आपलं बीळ आपणच पोखरते, आत मातीच्या लहान लहान खोल्या करते, प्रत्येक खोलीत पराग आणि मधाचा लगदा भरायचा, त्यावर एकच अंडं घालायचं आणि तोंड बंद करायचं. बहुतेक वेळा पिल्लं बाहेर पडायच्या आत आई मरून गेलेली असते, तिनं पोरांचं तोंड कधी बघितलेलंच नसतं. शेजारी शेजारी शंभर घरं पण एकमेकींशी काही देणंघेणं नाही. आणि राखायला मोहोळ नाही म्हणून ती अंगावर धावून पण येत नाही. आमच्या घरात एवढी वर्षं पोरंसोरं त्या भिंतीला चेंडू मारून खेळली, एकाला पण ती चावल्याचं मला आठवत नाही.

नरांना बीळ नसतं, ते बाहेरच झोपतात. दिवेलागण झाल्यावर मोबाईलचा टॉर्च घेऊन परसात जा, वाळलेल्या तुळशीच्या काडीला पाच-सात नर एकाखाली एक लटकलेले दिसतील, काडी जबड्यात घट्ट धरलेली आणि अंग हवेत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मेलेल्या आहेत असं वाटलं आणि काडी हलवली, तर एकानं नुसता पाय हलवला आणि परत झोपला.

आता भाऊ विचारतो याचा उपयोग काय. तर वांगं. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग उघडा नसतो, पिवळ्या नळ्यांच्या आत बंद असतो आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय पडत नाही. वाऱ्यानं हलून थोडंफार काम होतं. पण ही निळी माशी त्या फुलाला मिठी मारते, पंख मिटून घेते आणि उडायचे स्नायूच नुसते थरथरवते, त्याचा आवाज येतो बघा, उडतानाच्या आवाजापेक्षा बारीक आणि चढा, झ्झ्झी करून, आणि पिवळी भुकटी तिच्या पोटावर पडते. आग्या, सातेरी किंवा पेटीतल्या इटालियन माशीला हे जमत नाही. काळ्या भुंग्याला जमतं. म्हणजे कोणी म्हणालं की मधमाशांच्या पेट्या आणून ठेवल्या की झालं, तर वांग्यापुरतं तरी ते खरं नाही.

आपलं गणितच इथं चुकतं असं मला वाटतं. माशी म्हटलं की आपल्याला मोहोळ आणि मधच दिसतो. जगात मधमाशांच्या जवळपास २०,००० जाती नोंदवल्यात, आपल्या देशातल्याच ७०० च्या वर जातात, आणि त्यात मोहोळ करून मध साठवणाऱ्या मोजक्याच, बाकी बहुतेक सगळ्या अशाच एकट्या राहणाऱ्या, कोणी जमिनीत, कोणी भिंतीत, कोणी वाळक्या लाकडात. तूर आत्ता फुलात आलीये ना, सकाळी जाऊन बघा, मोठा काळा भुंगा आणि पानं कापणारी माशी यांचीच तिथं जास्त वर्दळ असते. पान कापणारी तर इतकी सुबक कापते की कंपासनं आखल्यासारखा गोल तुकडा, आणि त्याची सुरळी करून पोकळ काडीत नाहीतर जुन्या पाइपात पिल्लांसाठी घर करते. आपण गुलाबाच्या पानाला ती अर्धगोल भोकं बघतो आणि कीड पडली म्हणून फवारा घेऊन येतो.

मोहोळवाल्यांबद्दल पण दोन शब्द लिहितोच, कारण त्यांना पण आपण ओळखत नाही. फुलोरी माशी, ती बोरीच्या नाहीतर बाभळीच्या बारक्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं करते, तिचं पोळं कधी जवळून बघा, फांदीच्या दोन्ही बाजूला चिकट डिंकाचं कडं केलेलं असतं. ते मुंग्यांसाठी. मुंगी त्या कड्यापर्यंत येते आणि मागं फिरते. एवढ्याशा जिवाला हे कोणी शिकवलं असेल! आणि आग्या, अजिंठ्याच्या लेण्यांच्या कड्याला असतात ते, त्यांचं पोळं म्हणजे उघड्यावरचा माशांचा पडदा, गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावर लाट उठते, हजारो माशा एकामागं एक पोट वर करतात आणि शत्रू गोंधळतो. चांदण्या रात्रीसुद्धा आग्या फुलांवर जातो. आग्या उठला तर माणूस मरतो हे खरं आहे, मी ते नाकारत नाही, पण एक माशी चावली की नांगी आपल्या कातड्यात राहते आणि त्यातून जो वास सुटतो, पिकलेल्या केळासारखा, त्या वासानं बाकीच्या पेटतात. त्यामुळं तिथं उभं राहून हात झटकत बसायचं नाही, लांब पळायचं आणि नांगी नखानं लगेच काढून टाकायची. आणि राकेलचा बोळा घेऊन मोहोळ जाळायला जायचंच नाही.

गांधीलमाशीचं तर कोणी चांगलं बोलतच नाही. लहानपणी कीर्तनात दृष्टांत ऐकलेला, कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी, अळीला मातीच्या घरात कोंडते, तिला आपला ध्यास लावते आणि ध्यासानं अळीचीच कुंभारीण होते. सातवीत असताना दाराच्या बिजागरीजवळचं एक मातीचं मडकं मी खिळ्यानं उघडलं. आत सात-आठ हिरव्या अळ्या एकावर एक रचलेल्या, मेलेल्या नाही, काडी लावली तर किंचित वळवळत होत्या. आणि वरच्या छताला केसाएवढ्या दोऱ्यानं एक पांढरं अंडं टांगलेलं. कुंभारीण आधी अंडं टांगते, मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या आणून भरते, मेल्या तर सडतील म्हणून मारत नाही, आणि पिल्लू निघालं की ताजं खातं. महाराजांच्या दृष्टांताचा अर्थ त्याच्या जागी राहू द्या, मला आजपण आवडतो तो, पण त्या मडक्यात बघितलेलं मी विसरू शकलो नाही, आणि तेव्हापासून घरात कुंभारणीचं घर कोणी खरवडलं की माझ्या जिवावर येतं. कापसात, उसात आपण ट्रायकोकार्ड लावतो ते पण याच कुळातलं आहे, मिलिमीटरभर पण नाही एवढी ती गांधीलमाशी, किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. पैसे देऊन आणतो आणि फुकटात बांधावर असलेल्या मारतो.

आणि उंबर! कोणी फार दिवसांनी भेटला की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालास की. फुलं असतात हो उंबराला, फळ म्हणतो त्याच्या आतच शेकड्यांनी असतात. एक बारकी माशी, ती पण गांधीलमाशीच्याच गोतातली, टोकाच्या चिंचोळ्या वाटेनं आत घुसते, घुसताना पंख तुटतात, बाहेर यायची सोयच राहत नाही, आत फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पोटची पोरं मोठी झाली की बिनपंखाचे नर आधी निघतात, बाहेर जायचा बोगदा पोखरतात आणि उजेडात जगण्याआधीच संपतात, माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं. ही माशी नसती तर उंबराला बी धरलं नसतं. दत्ताच्या पारावर बसून आपण उंबर फोडतो, किडकं आहे म्हणून फेकतो, ते "किडकं" म्हणजे हे सगळं.

मुंग्यांवर लिहायला बसलो तर पोस्ट संपणार नाही. एवढंच सांगतो की मुंग्या आणि मधमाशा या दोघींचे पूर्वज गांधीलमाशीसारखेच होते, मधमाशीनं शिकार सोडून पराग धरला आणि मुंगीनं जमीन धरली. ज्वारीवर चिकटा आला की मुंगळे दिसतात, तेव्हा लोक मुंगळ्यांवर पावडर टाकतात, पण चिकटा मुंगळ्यांनी आणलेला नसतो, मावा गोड पाणी सोडतो ते प्यायला ते येतात आणि त्यासाठी मावा राखतात, गुराख्यानं गुरं राखावीत तसे. मूळ मावा आहे, मुंगळा नाही. आणि नागपंचमीला पुजतो ते वारूळ मुंग्यांचं नसतं, वाळवीचं असतं, वाळवी मुंग्यांच्या कुळातली पण नाही, झुरळांच्या गोतातली आहे.

आता भिंतीवर येतो. भावाचा खरा मुद्दा लोकांचा नाहीच, किल्लारीच्या भूकंपाचा आहे, आणि तो मला मान्य आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून लोक झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं ओझं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. बाबा दोन दिवस तिकडं ढिगारे उपसायला होते, आल्यावर आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत. लातूर जिल्ह्यातला माणूस माळवदाखाली झोपायला घाबरतो तर त्याला कोणी नावं ठेवू नये. म्हणून मी म्हणतच नाही की घर ठेवा. छत उतरवा, लाकूड विका, तीन भिंती पाडा. चौथी छातीएवढी ठेवा, तिच्याखाली कोणी झोपणार नाही, बसणार नाही, पोरांना पण त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही.

कारण त्यांना जायला दुसरी जागा राहिली नाही हो. गावातली गढी होती, तिची पांढरी माती खत म्हणून ट्रॅक्टरनं शेतात गेली. बांध होते ते तणनाशकानं पिवळे पडले, उरलेलं उन्हाळ्यात पेटवलं, आणि एकट्या राहणाऱ्या माशांपैकी बहुतेक जमिनीतच घर करतात, नांगर न लागलेली हातभर जागा म्हणजे बांधच. तूर फुलात असताना आपण फवारणी सकाळी दहा-अकराला करतो, नेमकं माशा फुलावर असतात तेव्हा, तीच संध्याकाळी उशिरा केली तर आपलं काही बिघडत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं आपल्याकडं सर्रास चालतात, युरोपनं मधमाशांसाठी म्हणूनच २०१८ ला उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. आपण लगेच बंद करू असं मी म्हणत नाही, मी पण शेतकरी आहे, कापसावर तुडतुडे आले की काय होतं ते मला माहितीये. पण वेळ बदलायला पैसे लागत नाहीत.

ज्यांना आठवतं ते सांगतील, आपल्याकडं रब्बीत सूर्यफुलाची किती रानं असायची. फूल ताटाएवढं असून दाणे आत पोचट निघाले की म्हातारी माणसं म्हणायची, यंदा माशी फिरली नाही. त्यांना परागीभवन शब्द माहिती नव्हता पण कारण बरोबर माहिती होतं.

भावानं अजून हो म्हटलेलं नाही. पण काल संध्याकाळी तो परसात हात धुवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही, जाऊन बघितलं तर टॉर्च घेऊन तुळशीजवळ वाकून उभा होता, मला म्हणाला, "सहा हाईत." मी काही बोललो नाही. मिस्त्रीला फोन केलाय, तो म्हणतो भिंतीवर पत्रा टाकला तर पावसानं ढासळणार नाही, आणि गोठ्यावरचा जुना पत्रा आहेच. दोन बल्ल्या कमी पडलाल्यात, गावात कोणाकडं असतील तर परवाच्या आत सांगा, मी येऊन घेऊन जातो.