‘एलएलएम कुठून?’

आज कोर्टातून आल्यापासून डोकं तापलंय, तेव्हा पोस्ट लांब होणार. वेळ नसेल त्यांनी लाईक करून पुढे जावं, मला वाईट वाटणार नाही.

माझ्याकडे दीड वर्ष एक ज्युनिअर आहे. नाव लिहीत नाही, तिला अवघडल्यासारखं होईल. पोरगी कामाची आहे. मागे एका दरखास्तीत, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा अमलात आणायच्या अर्जात, समोरच्यांनी मुदतीचा मुद्दा काढला, मी आपली उत्तर शोधत उभी. हिने जुना रोजनामा काढून हुकूमनाम्याची तारीख माझ्यापुढे सरकवली. बारा वर्षांच्या मुदतीला सात महिने बाकी होते. विषय संपला. अशी पोरगी.

तिला एलएलएम करायचंय, कायद्यातली पदव्युत्तर पदवी. क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, पीजीचा पेपर दिला, एकशेवीस मिनिटांत एकशेवीस प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. मार्क बरे पडले. अगदी वरचे नाहीत, बरे. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत पसंतीक्रम भरायला बसली होती माझ्याच टेबलावर, डबा बाजूला सारून. तेवढ्यात मामांचा फोन. मामा पुण्यात आयटीत. हिने स्पीकरवर टाकला कारण हाताला भाजी लागलेली.

मामा म्हणाले, “हे बघ बाळा, मी रँकिंग काढून बसलोय. पहिल्या पाचात मिळालं तर घे. नाहीतर वर्ष वाया घालवू नकोस. लोक विचारतात गं, एलएलएम कुठून केलंस.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपातीकडे बघितलं. कारण ‘एलएलएम कुठून’ हे शब्द ऐकले की मला आजही एक चहाचा कप दिसतो.

सांगते. मी एलएलएम केलं ते इथेच कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठातून. दुसरीकडे जायची सोय नव्हती. बाबांचं पहिलं ऑपरेशन त्याच वर्षी झालं. आम्ही वर्गात नऊ जण. घटनेचा पेपर शिकवायला एक सर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी एका सत्रात एकच निकाल शिकवला, केशवानंद भारती. 1973 चा निकाल, तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रं, सात विरुद्ध सहा. बहुमत म्हणालं, संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सरांनी आम्हा नऊ जणांना निकालपत्रं वाटून दिली आणि सांगितलं, आता तीन महिने तुम्ही म्हणजे तो न्यायमूर्ती. कुणाला सिक्री आले, कुणाला खन्ना. मला आले यशवंत चंद्रचूड. तेही अल्पमतातले! मला रडू यायचं बाकी होतं, कारण जिंकलेल्या बाजूचे सगळे भाव खात होते आणि मी आपली उभी राहून सांगतेय की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही.

मग सरांनी हळूच पुढचं पान दाखवलं. तेच चंद्रचूड 1975 मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात मूलभूत चौकटीचा तोच सिद्धान्त लावून घटनादुरुस्तीचं कलम रद्द ठरवणाऱ्यांत आहेत. आणि 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात तर सरन्यायाधीश म्हणून त्याच सिद्धान्तावरचा बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिलाय. एक माणूस हरलेल्या मतापासून तिथवर कसा जातो, हा माझा प्रबंध झाला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले मी त्याच्यावर.

प्रबंध घेऊन एका लॉ कॉलेजात मुलाखतीला गेले, तासिका तत्त्वावरची जागा. निळी फाईल, प्रबंध त्यात वरच ठेवलेला. टेबलापलीकडे तिघे. मधल्या गृहस्थांनी फाईल उघडली, एलएलएमची मार्कलिस्ट बघितली, “एलएलएम कुठून? अच्छा, इथलंच” म्हणाले, फाईल मिटली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. त्यानंतर मला छंद विचारले.

छंद!

फाईल अजून माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्यावर तो तपकिरी गोल आहे.

आता मामांच्या यादीकडे येऊ. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगची, लॉची यादी 2018 पासून निघतेय आणि तेव्हापासून बेंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल दरवर्षी पहिलं. असेल, चांगलंच आहे ते, मी कुठं नाही म्हणतेय. पण ती यादी बनते कशी ते तरी बघा मामा. ज्या संस्था भाग घेतात त्यांचाच विचार होतो, आणि बरीचशी माहिती संस्था आपली आपण भरून देतात. आणि गुण ज्यावर देतात त्यात एक रकाना आहे ‘परसेप्शन’. म्हणजे लोकांना काय वाटतं. म्हणजे लोकांना चांगलं वाटतं म्हणून नंबर वर, आणि नंबर वर म्हणून लोकांना चांगलं वाटतं. आमच्या गल्लीत अशाच पद्धतीने कुणाचा मुलगा हुशार ते ठरायचं.

आणि मोठी गंमत ही की ज्या नावासाठी आपण जीव टाकतो ते नाव कमावलंय पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या पोरांनी. मोठ्या फर्म येतात त्या त्यांच्यासाठी येतात. एलएलएमवाले तिथे एक वर्षाचे पाहुणे. 2013 पासून यूजीसीने एक वर्षाचं एलएलएम आणलं, मग 2021 मध्ये बार कौन्सिलने ते बंद करायचे नियम काढले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, अंमल पुढे ढकलला. पोरांनी मात्र लाखांत फी भरायची आणि इथल्या विद्यापीठात दोन वर्षांना काही हजार लागतात म्हणून ते हलकं. एका वर्षात तीन सक्तीचे पेपर, सहा ऐच्छिक आणि प्रबंध. जून संपतोय तोवर दिवाळी, दिवाळी संपतेय तोवर प्रबंधाचा विषय ठरवा. केशवानंद एका तासात उरकत असतील.

बरं, हो. नावाचा उपयोग होतो. फर्ममध्ये होतो, बाहेरच्या देशात अर्ज करताना होतो, सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यासुद्धा क्यूएसची, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या रँकिंगची, यादी बघतात. मान्य केलं. पुढे.

मला कुणीतरी आता बाबासाहेबांचं उदाहरण देणार, कोलंबिया, लंडन. द्या. आपल्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांना लंडनच्या शिक्षणासाठी मदत केली हे कोल्हापूरकराला कुणी शिकवू नये. पण बाबासाहेबांनी कोलंबियाची आठवण काढली तेव्हा नावं कुणाची घेतली? ड्युई, सेलिगमन, तिथले त्यांचे प्राध्यापक. माणसांची. माझ्या ज्युनिअरला मी दुपारभर तेच विचारत होते, तुला शिकवणार कोण? यंदा तिथे कोण आहे, नाव सांग. मागच्या वर्षीच्या कुणाशी बोललीस? प्रबंधाला गाईड एकाकडे किती पोरं असतात? लायब्ररी रात्री किती वाजता बंद होते? ती म्हणाली, “मॅडम, वेबसाईटवर तर कॅम्पसचे ड्रोनचे फोटोच आहेत.”

बघा! वरून फोटो. आत कोण बसलंय ते नाही.

आणि भूषण गवईसाहेब? कायद्याची पदवी अमरावतीची. 14 मे 2025 ला सरन्यायाधीश झाले आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या आपल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उद्घाटन त्यांनीच केलं. त्या दिवशी मी कोर्टाच्या रस्त्यावर उभी होते, घशाचा आवाज गेला होता ओरडून. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली, माझ्या सीनिअरांची अख्खी वकिली त्यात गेली. त्या गर्दीत तुझं कॉलेज कुठलं असं कुणी कुणाला विचारलं नाही. (एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, माहितीय. वकील आहे मी.)

थांबा. आता एक गोष्ट लिहिते जी लिहायची नव्हती.

मागच्या महिन्यात ऑफिसात एक मुलगा आला होता, ज्युनिअर म्हणून घ्या म्हणाला. सांगली बाजूचा, शर्ट इस्त्रीचा, हातात बायोडाटा. मी कागद घेतला आणि डोळे पहिले कुठे गेले? कॉलेजच्या ओळीवर. नाव वाचलं आणि तोंडातून निघालंच, “अच्छा, तिथलं होय.” त्याचा चेहरा पडला. मी चहा मागवला त्याच्यासाठी, चहा! कप माझ्याच हातात होता आणि बायोडाटा समोर टेबलावर. ठेवला नाही मी कप त्याच्यावर. पण ठेवल्यासारखंच होतं ते. कळवते म्हणाले आणि कळवलं नाही. उद्या त्याचा नंबर शोधते.

म्हणून मामांवर मी आता तेवढी चिडलेली नाही, जेवढी वर पहिल्या परिच्छेदात होते. त्यांना भाची जपायची आहे. त्यांना माहितीय की टेबलापलीकडे कप घेऊन बसलेला माणूस असतोच, आणि त्याला नाव दाखवलं की तो कप बाजूला ठेवतो. चूक नाही ते. मला तेव्हा बेंगळुरूची मार्कलिस्ट असती तर त्या गृहस्थांनी प्रबंध उघडला असता का? उघडला असता बहुतेक. हे टाईप करताना पण जीवावर येतंय.

पण मामा, ‘नाहीतर वर्ष वाया’ हे मला मान्य नाही. तिला जज व्हायचंय. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने जजच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. तिची दीड झालीत, म्हणजे घाई कसलीच नाही. आणि शिकवायचं म्हटलं तरी नियमात एलएलएमला पंचावन्न टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा मागतात, विद्यापीठाच्या नावाची अट तिथे कुठेही नाही. ती अट फक्त कपवाल्यांची.

संध्याकाळी तिने यादी दाखवली. वर दोन मोठी नावं, फ्लोट करून, म्हणजे मिळालेली जागा धरून वरची मिळते का ते, बघते म्हणाली, ठीक. तिसरं नागपूर, कारण तिथल्या एका सीनिअर मुलीने फोनवर तासभर सगळं सांगितलं, लायब्ररीपासून मेसपर्यंत. आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, “नाही लागलं तर इथेच, दोन वर्षं, मॅडमकडे काम चालू.” मी ते वाचून काही बोलले नाही. निळी फाईल काढून दिली तिला, प्रबंध वाच म्हणाले. गोल बघून म्हणाली, “मॅडम, हे काय सांडलंय?”

आत्ता हे लिहितेय तोवर मामांची फ्रेंड रिक्वेस्ट आलीय. पोस्ट टाकते, मग ॲक्सेप्ट करते.