बोलाचाच बोनस

पगारवाढीचा महिना जवळ आला की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मी जाणतो. बजेट संपलेलं असतं. कुठं संपलं ते विचारत नाही. तुमच्या केबिनमधली नवी खुर्ची मी पाहिली आहे. पण माणसं तर कामाला जुंपायची आहेत आणि तीही हसतमुखानं. घाबरू नका, शास्त्र तुमच्याच बाजूनं आहे. फक्त ते अर्धं वाचायची सवय लावून घ्या.

सुरुवात हर्झबर्गपासून करा. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना कामाबद्दल विचारलं आणि १९५९ मध्ये सांगून टाकलं, की माणसाला उमेद पगारातून फारशी येत नाही, ती कामातून आणि कौतुकातून येते. इथं पुस्तक मिटा. पगार कमी वाटला की माणूस धुसफुसत राहतो, हेही त्यानंच सांगितलंय, पण मिटलेल्या पुस्तकातलं कुणाला दिसतं?

मग मॅस्लो, हाही अमेरिकी मानसशास्त्रज्ञच. माणसाच्या गरजांच्या त्याच्या १९४३ च्या मांडणीत आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि सगळ्यात शेवटी स्वतःतल्या क्षमतांचा विकास. (तो प्रसिद्ध पिरॅमिड त्यानं काढलेला नाही, नंतरच्या लोकांनी काढला. तुमच्या स्लाइडवर मात्र त्याच्याच नावानं असू द्या.) खालचे दोन मजले भलते खर्चिक आहेत, तेव्हा थेट गच्चीवरून सुरुवात करा. घरभाड्याची चिंता करणाऱ्याला ‘तुझ्यातल्या अमर्याद शक्यता’ दाखवा. हे फुकटात होतं.

आता पदनामं. कारकुनाला ‘एक्झिक्युटिव्ह’ करा, एक्झिक्युटिव्हला ‘असोसिएट मॅनेजर’ आणि ज्याच्या हाताखाली कुणीच नाही त्याला ‘टीम लीड’. नवं व्हिजिटिंग कार्ड छापून द्या. तेवढाच काय तो खर्च. एका ऑफिसात ही युक्ती इतकी फळली, की मजल्यावर अकरा मॅनेजर झाले आणि मॅनेज होण्यासाठी एकच पोरगा उरला. अकराही जण त्याला रोज प्रेरणा देत. तो तीन महिन्यांत नोकरी सोडून गेला. दिलेल्या प्रेरणेचा स्टॉक मात्र अजून शिल्लक आहे.

‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य विसरू नका. त्यात हिशेबाची मोठी सोय आहे: घरी भांडी घासल्याबद्दल कुणी ओव्हरटाइम मागतं का? फक्त मंदीत कुटुंबातली माणसं कमी करायची वेळ आली, तर त्या ईमेलमधून तेवढा शब्द काढायला विसरू नका.

एक नाव ऑफिसात चुकूनही निघू देऊ नका: हेन्री फोर्ड. मोटारींच्या कारखान्यात माणसं टिकेनात, तेव्हा १९१४ मध्ये या गृहस्थानं रोजची मजुरी जवळजवळ दुप्पट करून पाच डॉलरवर नेली आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले. अटी पुष्कळ होत्या, घरी येऊन चौकशी करणारी माणसंही नेमली होती. पण माणसं टिकली! असली उदाहरणं व्यवस्थापनाच्या शिस्तीला घातक असतात.

त्यापेक्षा निनावी सर्वेक्षण घ्या. नाव विचारू नका; विभाग, वय, पद आणि रुजू झाल्याची तारीख विचारा. बहुतेक जण ‘पगार’ लिहितील. त्याचा अहवालात ‘संवादाची अपेक्षा’ असा अनुवाद करा आणि संवाद म्हणून शनिवारी दोन तासांची बैठक ठेवा. हजेरी ऐच्छिक ठेवा, आणि कोण कोण आलं ते लिहून घ्या.

एवढं करूनही तुमचा सगळ्यात कामाचा माणूस राजीनामा घेऊन समोर उभा राहील. त्यानं मागितलेली वाढ तुम्ही नाकारली होती, बजेट नव्हतं. आता जाहिरात द्या, एजन्सीला कमिशन मोजा आणि नव्या माणसाला बाजारभावानं, म्हणजे जुन्यानं मागितलं होतं त्याहून जास्त पगारावर घ्या. पैसे कुठून आले म्हणून कुणी विचारलं तर बेधडक सांगा, भरतीचं बजेट वेगळं असतं. आणि नव्या माणसाला काम शिकवायला नोटीस पिरियडमधल्या त्या जुन्यालाच बसवा. जाता जाता त्याला एक प्रशस्तिपत्रकही द्या. नाव नीट तपासून घ्या, मागच्या वेळी चुकलं होतं.