साताऱ्याचं पाणी नापास

शेजारचे सर निवृत्त झाले, तपासणी सुटली नाही. काल पेपर मागायला आले ते सरळ गॅसपाशी. कॉफीसाठी ठेवलेल्या पातेल्यातलं थर्मामीटर वाचून म्हणाले, "उकळतंय आणि 97.5? बिघडलंय हे. परत कर."

"सर, 100 समुद्रसपाटीला. आपण 700 मीटरच्या वर. दर 300 मीटरला साधारण अंशभर कमी."

"मी जन्मभर 100 शिकवलं."

"पुस्तकात तेच होतं."

"म्हणजे महाबळेश्वरात?"

"साडेपंच्याण्णवच्या आसपास."

"मग तिथं भात कच्चा खातात का?"

"कुकर असतो, सर."

"आणि कुकर नव्हता तेव्हा?"

"वेळ लागायचा."

"कुणी सांगितलं? तू होतास?"

गॅस बंद केला होता, या उलटतपासणीत पाणी 84 वर आलं. राग त्याचाच. फ्रेंच प्रेसला, म्हणजे दट्ट्यानं कॉफी गाळायच्या काचेच्या भांड्याला, 90 ते 96 अंश लागतात. त्याखाली कॉफी आंबट, पाणचट उतरते. गडद भाजलेल्या बियांना मात्र नव्वदीच्या आतबाहेरचं चालतं, फार कडक पाण्यानं त्या कडूजहर होतात. थंड काचेत ओतलं की काही अंश तिथंच जातात, म्हणून भांडं आधी गरम पाण्यानं विसळायचं. साताऱ्यात उकळी आल्यावर ताटकळायची गरज नाही. गॅस बंद करून अर्ध्या मिनिटात ओतावं. 250 मिलीला 15 ग्रॅम पूड, जाड्या रव्यासारखी दळलेली. चार मिनिटं, मग दट्ट्या हळू दाबायचा. रेटला तर गाळ कपात. (झटपट कॉफीवाल्यांनी थर्मामीटर घेऊ नये. ती कारखान्यातच काढून वाळवलेली असते, तिला नुसतं विरघळायचं असतं. निम्मी चिकोरी असली तरी तेच, कशाला जीव जाळायचा?)

पाणी परत तापवलं, कॉफी केली, सरांपुढे कप ठेवला.

"काळी? दूध संपलंय काय?"

म्हशीचं दूध आलं. तीन चमचे साखर आली. "आता गार झाली की रे," म्हणून सरांनी स्वतःच ती पातेल्यात ओतली आणि चांगली खळखळ उकळी येऊ दिली. तयार कॉफी पुन्हा उकळली की वास उडतो आणि राहतो तो कडवटपणा. पण सांगणार कुणाला? वर्गात हात वर करायची सोय नव्हती.

बशीत ओतून भुरकली. तोंड वाकडं केलं.

"कडू आहे. पाणी कमी तापवलंस तू."

कमी तापलं तर आंबट होते हो! आंबट!